महामार्ग आला, पेठेचे काय?

रस्ता आला की पाठोपाठ भरभराट येते, हे समीकरण आपल्याकडे इतके रुजले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा बुलडाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विशेषतः मेहकर आणि सिंदखेड राजा परिसरात, याच समीकरणाने अनेकांना आशा लावली. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. जिल्ह्याच्या उत्तरेस खामगाव, नांदुरा, मलकापूर या गावांवरून जाणारा जुना मुंबई-कोलकाता महामार्ग तर कित्येक वर्षांपासून वाहतोच आहे. असे दोन महामार्ग लाभलेल्या या जिल्ह्यातील लहान व्यापाऱ्यापुढे आज एकच प्रश्न आहे: ही वाहने आपल्या दारी थांबणार आहेत, की नुसती दारावरून धावणार आहेत?

या प्रश्नाला इतिहासाची बाजू आहे. भुसावळहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा गेला. वऱ्हाडातील कापसाची मोठी बाजारपेठ असलेले खामगाव मात्र बाजूस राहिले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडमधील गिरण्यांना हिंदी कापसाची निकड भासू लागली होती. तेव्हा जलंब ते खामगाव अशी सुमारे १३ किलोमीटरची शाखा टाकण्यात आली आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तिच्या उद्घाटनास आले. त्यामागे शेतकऱ्याविषयीचा कळवळा नव्हता. कापूस लवकर बंदरात पोहोचावा, एवढाच हेतू होता. तथापि, त्यातील एक तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. बाजार जेथे होता, तेथे मार्ग नेला गेला. आज नेमके उलट घडत आहे. मार्ग आधी आखला जातो आणि बाजाराने आपापल्या बळावर त्याच्याकडे सरकावे, अशी अपेक्षा केली जाते.

रेल्वेनंतर मोटारींचे युग आले आणि सहा क्रमांकाच्या, आता ५३ क्रमांक मिळालेल्या, राष्ट्रीय महामार्गाने आपला स्वतंत्र बाजार उभा केला. चहाची टपरी, पंक्चरचे दुकान, सुट्या भागांचा व्यापारी, धाबा, रसवंती, फळांची गाडी, लॉज आणि कृषी सेवा केंद्र या साऱ्यांची रांग कोणत्याही नगररचनाकाराने आखली नव्हती. ट्रक थांबला म्हणून चहा विकला गेला, आणि चहा मिळतो म्हणून पुढचा ट्रक थांबला. या व्यापाराचे मूळ भांडवल रस्ता नसून थांबा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचा गुंता उकलणे सोपे जाते.

थांब्याचे महत्त्व पटवायला शेगावपेक्षा वेगळा दाखला नको. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने तेथील रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केलेली कचोरी आज महाराष्ट्रभर गावाच्या नावाने ओळखली जाते. श्री गजानन महाराजांच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांचा ओघ आणि फलाटावर थांबणारी गाडी, या दोहोंनी तो व्यवसाय वाढवला. गाडी शेगावास न थांबता निघून गेली असती, तर कचोरीची चव तीच राहिली असती. नाव मात्र झाले नसते.

आता पेठेच्या गिऱ्हाइकाचा विचार करू. ढोबळमानाने ते तीन प्रकारचे असते. पहिले, वाटेवरचा प्रवासी. दुसरे, आसपासच्या खेड्यांतून बाजारास येणारा शेतकरी व नोकरदार. तिसरे, घाऊक माल घेणारा व्यापारी. गावाला बाह्यवळण मिळाले की पहिले गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसे होते. दुसरे टिकते, किंबहुना अवजड वाहने गावाबाहेर गेल्यामुळे त्याला बाजारात फिरणे सुकर होते. तिसरे हळूहळू गोदामांसह गावाबाहेर, जोडरस्त्याच्या तोंडाशी सरकते. म्हणजे नुकसान होते ते भाड्याच्या गाळ्यात अंगमेहनतीवर जगणाऱ्याचे आणि लाभ होतो तो चौफुलीजवळ ज्याची जमीन आहे त्याचा. गावाची एकूण उलाढाल कदाचित घटतही नाही. पण ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ‘विकास झाला’ या दोन शब्दांत हे स्थलांतर झाकले जाते.

समृद्धी महामार्गावर तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. तो प्रवेश-नियंत्रित मार्ग आहे. त्यावर वाटेल तेथे वाहन थांबत नाही, कडेला दुकान लागत नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ खासगी बसला झालेल्या अपघातात व आगीत २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. ती घटना जिल्हा विसरलेला नाही. वेगाच्या मार्गावर शिस्त हवी आणि विसाव्याच्या जागाही हव्यात, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु विसाव्याच्या जागा ठरावीकच असणार म्हटल्यावर, त्या कोणाच्या हाती जातात यावर सारे अवलंबून राहते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर प्रवाशांचे खाणेपिणे मोजक्या मोठ्या फूड मॉलांत एकवटले. तोच कित्ता येथे गिरवला गेला, तर मेहकरच्या शेतकऱ्याची जमीन मार्गात जाईल आणि त्याचा मुलगा त्याच मार्गावरील उपाहारगृहात रोजंदारीवर टेबल पुसेल.

नव्या रस्त्यांना विरोध करावा, असा याचा अर्थ नव्हे. अत्यवस्थ रुग्ण मोठ्या इस्पितळात वेळेवर पोहोचतो, भाजीपाला दूरच्या बाजारात ताजा जातो, हे लाभ खरे आहेत. प्रश्न त्या लाभांच्या वाटणीचा आहे, आणि वाटणी आपोआप न्याय्य होत नसते.

त्यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. विसावा केंद्रांतील आणि जोडरस्त्यांजवळील काही गाळे महिला बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्यासाठी परवडेल अशा भाड्याने राखून ठेवावेत. निविदेतील भांडवलाची अट लहान माणसाला दारातच अडवणारी नसावी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणासाठी २०१४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार शहरांतील पथविक्री समित्यांत विक्रेत्यांचे किमान ४० टक्के प्रतिनिधी असावे लागतात. हा कायदा शहरी स्थानिक संस्थांच्या हद्दीपुरता आहे. खेड्याच्या फाट्यावर टपरी लावणाऱ्याला त्याचा आधार नाही. ही उणीव राज्य शासनाने भरून काढावी. महामार्गालगत सावरगाव माळ, साब्रा-काब्रा अशी नवनगरे योजली गेली आहेत. ती मेहकरच्या किंवा सिंदखेड राजाच्या जुन्या पेठेच्या मुळावर न येता तिला पूरक कशी ठरतील, हे आधीच ठरवावे. लोणारचे सरोवर आणि जिजाऊंचे जन्मस्थान पाहण्यास येणारा प्रवासी मुक्कामाला जिल्ह्यातच राहावा, एवढे जोडरस्ते आणि एवढी एसटी सेवा तरी असावी.

पैशाची सबब येथे चालणार नाही. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बनसारख्या पतसंस्थेने या जिल्ह्यातील माणसांच्या ठेवींतून किती मोठे भांडवल उभे राहू शकते, हे दाखवून दिले आहे. उणीव भांडवलाची नाही. लहान व्यापाऱ्याला योजनेत धरण्याच्या इच्छेची आहे.

शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी यांनी हा प्रश्न केवळ दुकानदारांचा मानू नये. महिनाअखेरीस वहीवर उधार देणारा किराणावाला आणि महाविद्यालयीन तरुणास पहिले काम देणारा लहान व्यावसायिक हे दोघेही याच पेठेत आहेत. पेठ ओस पडली की तो आधारही जातो.

खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभराहून अधिक वर्षांची आहे. परक्या सत्तेने कापसाच्या लोभाने का होईना, १३ किलोमीटरची शाखा बाजाराच्या दारापर्यंत नेली होती. स्वराज्यात त्याहून मोठे मार्ग बांधले गेले. आता त्या मार्गांपासून पेठेच्या दारापर्यंतचे शेवटचे अंतर कोण बांधणार, हे शासनाने आणि जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.