कांद्याच्या भावात राजकारण नसते?

‘शाळकरी मुलांच्या डोक्यात राजकारण कशाला?’ हे पत्र वाचले. पत्रलेखकांनी आमच्या सातवीच्या वर्गात येऊन बसावे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लासलगावचा लिलाव हा पोरांच्या घरचाच विषय होता. भाव पडल्याने वडिलांचा चेहरा उतरलेला. मुंबईची मावशी मात्र स्वस्ताईवर खूश. दोन्ही बाजू फळ्यावर मांडल्या आणि विचारले, सरकारने काय करावे? वर्गात जुंपलीच! पक्षाचे नाव मात्र कुणी काढले नाही. (ते टाळणे आम्हा शिक्षकांनाच जड जाते.) मतदानाचे वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले. म्हणजे या मुलांच्या हाती पाच-सहा वर्षेच आहेत. तोवर त्यांनी सगळे व्हॉट्सॲपवरूनच शिकावे काय?

– एक शिक्षिका, निफाड