कुंडीत चमचाभर झिंक? जरा थांबा!

बाल्कनीतल्या लिंबाची नवी पानं पिवळी पडली, की तुम्ही काय करता? एखादा व्हिडिओ पाहून ‘झिंक कमी पडलंय’ असं ठरवता आणि चमचाभर झिंक सल्फेट कुंडीत टाकता. पानं आणखी पिवळी झाली, की अजून अर्धा चमचा. चूक इथेच होते.

झिंक म्हणजे जस्त. ते झाडाला हवंच. भातावरचा ‘खैरा’ रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे 1966 मध्ये पंतनगरला डॉ. वाय. एल. नेने यांनी दाखवलं. पण हवं किती? शेतात साधारण हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट देतात, म्हणजे चौरस मीटरला अडीच ग्रॅम. याच हिशोबाने 12 इंची कुंडीला ग्रॅमचा पाचवा भागही लागत नाही. चहाच्या चमच्यात मात्र सुमारे 5 ग्रॅम मावतं. म्हणजे 25 ते 30 कुंड्यांचा डोस एकाच झाडाला!

जास्त झालं तर काय होतं?

• मुळं आखूड आणि तपकिरी होतात, झाडाची वाढ खुंटते.
• जस्त लोहाची वाट अडवतं. लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही. म्हणून नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो.
• पानात मॅग्नेशियम आणि मँगनीजच्या जागा जस्त बळकावतं, त्यामुळे प्रकाशसंश्लेषण मंदावतं. ऊन भरपूर असूनही झाड उपाशीच!

गंमत म्हणजे, जस्त कमी पडलं तरी नवी पानं पिवळीच पडतात. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. गेल्या काही महिन्यांत कुंडीत काय काय घातलंत, ते आधी आठवा.

आता काय कराल?

• झिंक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणं लगेच थांबवा.
• जस्त मातीला धरून बसतं, नुसतं पाणी ओतून जात नाही. झाड अलगद काढून ताज्या माती-कंपोस्टमध्ये लावा.
• झाड गॅल्व्हनाइज्ड बादलीत असेल, तर कुंडी बदला. आम्लधर्मी मातीत त्या मुलाम्यातलं जस्त सुटत राहतं.

पुढच्या वेळी पान पिवळं दिसलं, तर चमचा उचलण्याआधी मुळं बघा. झाडाला भूक लागली आहे की अजीर्ण झालंय, हे तिथेच कळेल!