पास मिळतो, पलंग मिळत नाही

'यंदा इफ्फीला जायचंच' असा प्लॅन दरवर्षी कॉलेजच्या एका तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर शिजतो. बारा जण 'डन' लिहितात, गोव्याला पोचतात तिघं. मग बोलणी बसतात की आजकालच्या पोरांना सिनेमाचं काही पडलेलं नाही. जरा हिशेब मांडून बघू.

आधी रेल्वे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. इफ्फी २०२५ मध्ये २० ते २८ नोव्हेंबरला झाला. म्हणजे तिकीट काढायचं सप्टेंबरच्या २० तारखेच्या आसपास. तेव्हा कुठला सिनेमा कुठल्या दिवशी, हे कळलेलं नसतं; ते वेळापत्रक अगदी तोंडावर येतं. हिवाळी सत्र परीक्षेचं टाइमटेबलही बऱ्याचदा लागायचं असतं. दोन्हीकडे अंधार असताना तिकीट काढायचं! निम्मे 'डन'वाले इथेच गळतात.

उरलेल्यांना राहण्याचा खर्च गाठतो. विद्यार्थ्यांना सवलत पासावर मिळते, पण या ट्रिपमध्ये पास हीच सगळ्यात स्वस्त गोष्ट. नोव्हेंबर म्हणजे गोव्याचा सीझन, रूमचे भाव पर्यटकांच्या खिशाप्रमाणे लागतात. मिरामारला सरकारी यूथ हॉस्टेल आहे, पण ते कितीजणांना पुरणार? म्हापसा किंवा मडगावला राहिलात, तर पणजीहून सुटणारी कदंबची शटल रात्रीचा शेवटचा शो संपेपर्यंत थांबत नाही. मग एक तर टॅक्सी, नाहीतर तो शो सोडायचा. त्यात काही स्क्रीनिंग मांडवीपलीकडे पर्वरीत. शेवटी नऊ दिवस कोण टिकतं? ज्याची मावशी पणजीत आहे तो, किंवा ज्याला फिल्म इन्स्टिट्यूट घेऊन येते तो.

१९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा महोत्सव अनेक वर्षं शहरं बदलत फिरला. २००४ पासून तो गोव्यात स्थिरावला. गोव्याला त्याचा फायदा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिरुवनंतपुरमचा डिसेंबरमधला महोत्सव बघा. २०२४ मध्ये तिथे पास ११८० रुपयांना होता आणि विद्यार्थ्यांना ५९०. त्याहून मोठी सोय म्हणजे कैरळी-श्री-निळा हे थिएटर तंपानूरला, रेल्वे स्टेशन आणि बसस्टँडच्या शेजारी. उतरा, सॅक पाठीवर ठेवा, रांगेत उभे राहा.

पणजीत थिएटर हलवता येणार नाही, मान्य. पण नऊ दिवसांपुरती एखादी शाळा किंवा हॉल डॉर्मिटरी म्हणून उघडणं, शेवटच्या शोनंतर म्हापसा-मडगावला एकेक बस सोडणं, यात अवघड काय आहे? पुण्याचा पिफ आपल्या दारात असतो, पण मुंबईचा मामी २०२५ मध्ये झालाच नाही. अशा वर्षी मुंबईच्या पोरांना गोव्याचाच आधार.

तरीही जाणार असाल, तर नऊ दिवसांचा हट्ट सोडा, मधले चार दिवस पकडा. मुंबईहून जाताना मडगावऐवजी करमळीचं तिकीट बघा, पणजी तिथून जवळ. पुण्याहून मिरज-बेळगावमार्गे गेलात तर मात्र मडगावच, तिथून शटल. सीट आधी ऑनलाइन बुक करावी लागते, गाजलेले सिनेमे काही मिनिटांत भरतात. ते हुकले तर रश लाइनमध्ये उभे राहा, आत सोडतात. पाण्याची बाटली आणि पॉवर बँक तेवढी जवळ ठेवा.