मराठी छपाईला एकच संकेत हवा

पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि अलीकडे तेलंगणातील आमचे भीमपूर. 1956 साली भाषावार राज्ये झाली, तरी नदीच्या या काठावरची मराठी घरे मराठीच राहिली. आपली भाषा टिकावी म्हणून आपण निवेदने देतो, मराठी शाळांसाठी झगडतो. परंतु ते निवेदन किंवा शाळेची प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडताच मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटतो, याकडे आपले पुरेसे लक्ष नाही.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. जुन्या संकेततक्त्यात जेमतेम 256 जागा होत्या आणि त्या इंग्रजी व युरोपीय अक्षरांनी व्यापलेल्या. फाँट तयार करणाऱ्यांनी त्याच जागांवर काना, वेलांटी, अर्धी अक्षरे आपापल्या क्रमाने बसवली. त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर मराठीही राहत नाही.

1991 साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हा संकेत मान्य केला. त्यात मराठी ‘क’ आणि तेलुगू ‘क’ यांचा क्रमांक एकच असून लिपी कोणती ते वेगळे सांगावे लागे. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीला 128 आणि तेलुगूला 128 अशा स्वतंत्र जागा दिल्या. एकाच कागदावर दोन्ही भाषा लिहाव्या लागणाऱ्या आपल्यासारख्यांची मोठी सोय त्यात आहे.

मात्र युनिकोड घेतला म्हणजे काम संपले, असे नाही. संकेत अक्षराची ओळख सांगतो, त्याचे रूप फाँट देतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा फरक दाखवू न शकणारा फाँट मराठीच्या कामाचा नाही. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 साली मिळाली, त्यापूर्वीच्या फाँटात तो नसण्याचाच संभव अधिक. प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरसंचातही बहुधा देवनागरी नसते. म्हणून छपाईला द्यायचा मजकूर फाँटसह पीडीएफ करूनच द्यावा.

आमचे सांगणे एवढेच की, शाळांनी, ग्रामपंचायतींनी आणि समित्यांनी यापुढील मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फाँटातील कागदपत्रे ते फाँट हाताशी आहेत तोवर रूपांतरित करून घ्यावीत व मुळाशी ताडून पाहावीत. नवा फाँट घेताना दऱ्या, ॲप, ऑगस्ट, बाळ, ज्ञान हे शब्द छापून तपासावेत. मुलांच्या दाखल्यांवरील नावे तर दोनदा वाचावीत; तिथे चुकलेले एक अक्षर पुढे वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे हेलपाटे घालायला लावते.

यासाठी कोणत्याही सरकारच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. भाषेचा हक्क मागणारे निवेदनच साहेबांच्या टेबलावर वाचता येऊ नये, हे सीमाभागातील मराठी माणसाला परवडणारे नाही.