चार वर्षांचा डॉक्टर कच्चा नसतो

मा. संपादक,

पदवीनंतर चार वर्षांत डॉक्टर करणाऱ्या ब्रिटिश अभ्यासक्रमांना ‘शॉर्टकट’ ठरवणारा लेख वाचला. तो वस्तुस्थितीला धरून नाही.

लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात २००० साली असा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा वैद्यकीय शिक्षणाचा युरोपीय नियम सहा वर्षे किंवा ५,५०० तास असा होता. लेखकाने वर्षे मोजली, तास मोजलेच नाहीत. कात्री लागते ती सुरुवातीच्या पायाभूत टप्प्याला आणि लांबलचक सुट्ट्यांना, रुग्णालयातल्या शिक्षणाला नव्हे.

वॉरिक विद्यापीठाच्या अशाच अभ्यासक्रमाला कोणत्याही विषयाचा पदवीधर अर्ज करू शकतो, याला लेखक ‘ढिलाई’ म्हणतात. तिथे शिकणे प्रकरणांभोवती फिरते: एखाद्याच्या छातीत दुखते आहे, ईसीजीची पट्टी समोर आहे, आणि त्यातूनच हृदयाची रचना, औषधे, रुग्णाशी बोलणे शिकायचे. तिशीतला माजी फिजिओथेरपिस्ट इथे कमी कसा पडेल? शिवाय शेवटी वैद्यक परवान्याची राष्ट्रीय परीक्षा चार वर्षांच्या आणि नेहमीच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमवाल्यांना एकच. पुढची दोन वर्षांची फाउंडेशन उमेदवारीही तीच.

मराठी पालकांना सावध करायचेच होते, तर खरा मुद्दा लेखातून सुटला. भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय पदवीचे शिक्षण किमान ५४ महिन्यांचे असावे लागते. चार वर्षांचे ४८च होतात. परत येऊन इथे प्रॅक्टिस करू पाहणाऱ्याने शुल्क भरण्याआधी हे तपासायलाच हवे. त्या विद्यार्थ्याच्या गुणवत्तेशी मात्र याचा काडीचाही संबंध नाही.

आपला,
एक वाचक, पुणे