गालिचा नको, सतरंजी घ्या

भोपाळला गेलेला गोवेकर तिथल्या दुकानांत गालिच्यावर भाळतो. मी मात्र सतरंजीच घ्या म्हणेन. गालिचा आधी उलटून पाहावा. पाठीवर गाठी दिसल्या तर तो हाताने विणलेला. कापड चिकटवलेले असेल तर आत रबरी गोंद असतो, तो आपल्या दमट हवेत सुटू लागतो. गाठींचा लोकरी गालिचा टिकाऊ खरा, पण चार महिने पावसात त्याला बुरशीपासून कोण जपणार? मध्य प्रदेशातच जोबटच्या आदिवासी स्त्रिया पंजा सतरंज्या विणतात. पंजा म्हणजे आडवा धागा ठोकून बसवायचे धातूचे अवजार. सुती सतरंजी दोन्ही बाजूंनी वापरता येते, धुता येते, लवकर वाळते. आपल्या ओसरीला तीच बरी.