दुष्काळी गावात समुद्र कशाला?

घरात मासे पाळणं वेगळं आणि घरात समुद्र पाळणं वेगळं. माझ्या रूम पार्टनरच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. आतली प्रवाळं पांढरी पडत चालली आहेत, दगडांवर हिरवं शेवाळ चढलंय. तो रोज विचारतो, "शेवाळ मारायचं कुठलं औषध टाकू?" माझं स्पष्ट मत आहे : कुठलंच नको.

कारण शेवाळ हा रोग नाही, लक्षण आहे. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साचलं की शेवाळाची दिवाळी! ते येतं जादा खाद्यातून, माशांच्या विष्ठेतून, खतं झिरपलेल्या बोअरच्या पाण्यातून. औषधाने मेलेलं शेवाळ तिथंच कुजतं, ऑक्सिजन खातं आणि तेच नायट्रेट परत पाण्यात सोडतं. त्यापेक्षा हाताने खरवडा, खाद्य निम्मं करा, दिव्याचे तास कमी करा, दर आठवड्याला थोडं पाणी बदला.

प्रवाळाचं दुखणं आणखी खोल. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला रंग आणि बरंचसं अन्न पुरवतं. पाणी जास्त तापलं की हा भाडेकरू घर सोडतो आणि प्रवाळ पांढरं पडून उपाशी मरतं. त्याला 25 ते 27 अंश मानवतात. आपल्या धाराशिवचा मे महिना 40 च्या घरात. चिलर लावला तरी लाईट गेली की संपलं! शिवाय पाणी आरओचं लागतं. ते एक लिटर काढताना दोन-तीन लिटर मोरीत जातं. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण एवढ्यात विसरलो?

आणि कायदा? रीफ बांधणारं कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या यादीत आहे. मुंबईत कोस्टल रोडसाठी 2020 साली वरळी व हाजी अलीच्या 18 प्रवाळ वसाहती हलवल्या, त्यालासुद्धा वनखात्याची परवानगी काढावी लागली. मग आपण दुकानातून पिशवीत घालून कसं आणायचं?

म्हणून सांगतो, आहे ती टाकी नीट सांभाळा, नवं प्रवाळ आणू नका. बघायचंच तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात बघा. 1987 पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. काय सर, पुढची सहल तिकडंच काढायची ना?